आढ्याचा लिंब

बाई, तुमच्या अंगावर शेवटचं पाणी घालत होते तेव्हाच मला आवाज आला. आपलं शेत गावाला खेटून, मधे नुसता कोरडा ओढा. बांधावर कुऱ्हाड पडली की तुमच्या अंगणात ऐकू येते. इतकी वर्षं आपण दोघी जावांनी मिळून त्या बांधावरची झाडं तोडली, वाढवली, पुन्हा तोडली, त्यामुळं घाव कुठं बसतोय ते मला न बघता कळतं. गुडघ्याएवढा खुंट ठेवून तोडलं तर आवाज टणक येतो. त्या दिवशी येत होता तो भद्द, मातीत गेल्यासारखा. माणसं बुडातून तोडत होती.

तुमचं डोकं माझ्या हातावर होतं. ते खाली ठेवून मला पळता येईना. शेजारच्या मावशीला म्हणाले, "मावशी, कुणाला तरी धाडा बांधावर. म्हणावं गुडघ्याइतका खुंट ठिवून तोडा." मावशी माझ्याकडं बघतच राहिली. "शोभे, याड लागलं का तुला? जाऊ मरून पडलीय अन् तू लाकडाचं बोलायलीस?" तुम्ही नुसतं उठून बसला असतात आणि "ती बराबर बोलायलीय" एवढं म्हणून परत झोपला असतात, तरी चाललं असतं. तुम्ही उठला नाहीत. कधी नव्हे ते माझं सगळं ऐकून घेतलंत आणि उलट एक शब्द बोलला नाहीत.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. मग मी भांडू कुणाशी?

वाटणीत शेत दोन भावांचं झालं, बांध सामायिक राहिला. मग कुणी नांगरताना बांध कोरला, कुणाच्या ज्वारीवर सावली पडली, कुणाची फांदी कुणी तोडली, यावरून भावजी आणि आमचे मालक बोलेनासे झाले. लग्नकार्यात सुद्धा दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायचे. झाडाला हात लावायची दोघांनाही चोरी झाली, म्हणून ती झाडं आपल्या दोघींच्या पदरात पडली. तुम्ही त्या बाजूनं यायच्या, मी या बाजूनं. मधे बांध. मालक विचारायचे, "कुठं निगालीस?" मी म्हणायची, "सरपणाला." खोटं नव्हतं ते, पण नुसतं सरपणच असतं तर एवढा वेळ लागला नसता, हे त्यांनाही कळत असणार.

सगळी झाडं एका साली तोडायची नाहीत, हा तुमचा कायदा. यंदा ओढ्याकडची, पुढच्या साली मधली, मग रस्त्याकडची. माघात पानं गळाली की तुम्ही एकट्याच तोडायच्या, कारण मी तेव्हा टोळीबरोबर ऊसतोडीला; माझी तोड दसऱ्याला, जायच्या आधी. गुडघ्याएवढा खुंट ठेवायचा, घाव तिरपा द्यायचा म्हणजे पाणी साचत नाही, वरून शेणमातीचा लेप. खुंटाभोवती बोरीच्या काट्या रचायच्या, नाहीतर शेळ्या कोवळं फुटवं ठेवत नाहीत. पाडव्याच्या सुमाराला मी कारखान्यावरून परत यायची, तोवर प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर धुमाऱ्यांची झुंबड झालेली असायची. मी आले की दुसऱ्या दिवशी सकाळी बांध, हे ठरलेलं. माहेरी गेल्यासारखी जायची मी. वालूरला माझी आई होती तोवरसुद्धा मला बांधाची ओढ जास्त होती, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

आणि मग भांडण. कोणते धुमारे ठेवायचे आणि कोणते मोडायचे.

तुम्ही म्हणायच्या, एक. चांगला, बुडाला घट्ट चिकटलेला एक बघायचा, बाकी सगळे मोडून शेळ्यांना टाकायचे. मी म्हणायची, तीन. तीन ठेवले तर ते मनगटाएवढे, सरळसोट वाढतात आणि दसऱ्याला मला कोपीचे खांब, मेढी मिळतात. कारखान्यावर गेलं की रानात पाचटाची कोपी उभी करावी लागते, त्यातच सहा महिने काढायचे. तिथं मेढीला लाकूड कोण देतं?

"तुला घर बांधायचंय का जल्मभर कोप्याच?" तुम्ही म्हणायच्या.

"घर बांधायला छपराला आढं लागतं, बाई. आढं काय माघात तोडलं अन् पाडव्याला आलं असं असतंय का?"

"म्हणून तर म्हणते, एक ठिव. आज ठिवलास तर कधी तरी हुईल. तीन तीन ठिवत बसलीस तर कधीच व्हायचं न्हाई."

मला राग यायचा. तुम्हाला काय जातं बोलायला, असं वाटायचं. तुमचं घर पक्कं, भावजी घरी. मला कार्तिकात थंडीत मेढ लागते आणि तुम्ही मला कुठल्या तरी सालचं आढं दाखवता. पण बाई, कोपीत पडल्या पडल्या त्याच मेढीकडं बघत मी तुमच्याशी मनात भांडायची, आणि ते भांडता भांडता झोप लागायची. त्या भांडणावर मी कितीक हंगाम काढले.

शेवटी एका लिंबावर मी हार मानली. मधला, वाकड्या खुंटाचा कडुनिंब. "जा, ठिवा तुमचा एक," मी म्हणाले, "आढं झालं की मला बोलवा." तुम्ही हसला नाहीत. त्याच्या बाजूचे फुटवे दर साली स्वतः काढत राहिलात. तो सरळ चढला. माझ्या दोन्ही हातांच्या विळख्यात मावेना झाला तेव्हा तुम्ही त्याच्यावर थाप मारून म्हणालात, "शोभे, अजून थोडं. मग सेलूच्या आरा मशीनवर न्यायचं." आपण त्याला आढ्याचा लिंब म्हणायला लागलो. माझी लेक मीरासुद्धा म्हणायची, "आईचं घर लई उंच वाढलंय."

मीरा. तिचं नाव घेतलं की माझ्या हातातलं काम राहतं. तिला शाळा लागली तेव्हा मी तिला कारखान्यावर नेणार होते, सगळ्यांची लेकरं जातातच. तुम्ही बांधावर उभ्या राहून म्हणालात, "ती माझ्याकडं राहील." मी म्हणाले, मालक कबूल व्हायचे नाहीत. तुम्ही म्हणालात, "त्यांचं भावाशी भांडण हाय, भाकरीशी न्हाई." त्या दसऱ्यापासून दर साली मी तिला बांधावर तुमच्या हातात द्यायची आणि पाडव्याला बांधावरूनच परत घ्यायची. दरवाजातून कधीच नाही, कारण दरवाजात भावजी असायचे. आता ती सेलूला कॉलेजात जाते. तुम्ही गेल्याचं कळल्यावर ती आली ती सरळ बांधावर गेली. घरी आली आणि मला म्हणाली, "आई, तिथं काहीच न्हाई." मी तुम्हाला कधी थँक्यू म्हणाले नाही. आपल्यात म्हणत नाहीत. पण मग काय म्हणतात, तेही मला कुणी शिकवलं नाही.

तोडली कुणी, तर दोघा भावांनी. तुम्ही गेलात म्हणताना सरण कुठलं, हा प्रश्न आला. आपल्याकडं सरण घरच्या बांधाचं. भावजी कुऱ्हाड घेऊन निघाले. इकडं मालक उठले. "बांध माजाबी हाय. वयनीच्या सरणाला माजंबी लाकूड जाईल." भावजी बोलले नाहीत, पण अडवलंही नाही. मग एक त्या बाजूनं तोडतोय, दुसरा या बाजूनं. याचं लाकूड कमी पडू नये आणि त्याचं जास्त होऊ नये. टोळीतली पोरं मदतीला. ती सगळी नुकतीच कारखान्यावरून परतलेली, हाताला सहा महिन्यांची सवय. ऊस जमिनीला लागून तोडायचा, साखर बुडख्यात असते, वर ठेवला तर मुकादम ओरडतो. त्याच सवयीनं त्यांनी झाडं तोडली. खुंटावरचं गाठीचं, चांगलं जळणारं लाकूड बुडापासून काढलं. तुम्ही माघात तोडलेले, हातभर धुमारे आलेले खुंटसुद्धा. ज्या गाठीतून फुटवं येतं ती गाठच गेली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, बाई. पाप असतं तर मी त्यांना शिव्या तरी घातल्या असत्या.

आढ्याचा लिंब शेवटी राहिला होता. तो जाड. एका कुऱ्हाडीनं आवरेना. तेव्हा म्हणे भावजी वाटणीनंतर पहिल्यांदा भावाशी बोलले. म्हणाले, "तू तिकडून मार, मी इकडून मारतो." दोघांनी आळीपाळीनं घाव घातले आणि झाड पडलं तेव्हा दोघंही एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. गावात अजून हे कौतुकानं सांगतात. तुम्ही जन्मभर ज्यासाठी झुरलात ते असं झालं. आणि माझं आढं तुमच्या छातीवर ठेवलं. ओलं लाकूड, पेट धरेना. खाली गवऱ्या आणि पऱ्हाटी घालून पेटवलं. मी घरात होते, बायका स्मशानात जात नाहीत, पण दुपारभर ओल्या लिंबाचा कडू धूर गावावर होता आणि तो मला ओळखू आला.

सरण पुरून उरलेलं लाकूड अजून तिथं पडलंय. कुणी उचलायला तयार नाही, मेलेल्याच्या नावानं तोडलेलं म्हणून.

सुतकात शेतात जायचं नसतं. मी गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं गेली तेव्हा मी विळा आणि शेणाची पाटी घेऊन मागून निघाले. बांधावर जमिनीलगत गोल गोल पांढरी तोंडं दिसत होती. काही फाटलेली, सालटी लोंबलेली. मी गुडघ्यावर बसून विळ्यानं कडा तासल्या, भोवतीची माती उकरून पाणी निघून जायला वाट केली, लेप दिला. वाळवीच्या रेघा काहींवर चढल्याच होत्या. तासता तासता मी तुमच्याशी मोठ्यानं बोलत होते. म्हणजे तुम्ही रागावून जे बोलला असतात तेच सगळं मी तुमच्या वतीनं स्वतःला बोलत होते. मालकांनी लांबून बघितलं आणि तसेच परत गेले. घरी म्हणाले, "सुतकात इळा धरलास?" मी म्हणाले, "तुमी कुऱ्हाड धरली ती कशात?"

आता ऐका. दोघं भाऊ बोलायला लागल्यावर पहिली गोष्ट त्यांनी कोणती ठरवली? बांध काढायचा. "आता बांध कशाला?" भावजी म्हणाले. "एकच ट्रॅक्टर एका टोकातून दुसऱ्या टोकाला जाईल." "खुंट तरी काय कामाचे राहिलेत," मालक म्हणाले. जेसीबीवाल्याला सांगून सुद्धा आले, दोघं एका गाडीवर बसून. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. त्यांच्या भांडणानं ती झाडं इतकी वर्षं जगवली, हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला ठाऊक असणार. म्हणूनच का तुम्ही कधी दोघांना समोरासमोर बसवून मिटवलं नाहीत? हे विचारायचं राहिलं.

मी म्हणाले, बुडातून तोडलेला लिंब कधी कधी मुळाकडून फुटतो, थोडं थांबा. भावजी म्हणाले, "शोभा, मेलेल्यात जीव बगू नको." ते तुमच्याबद्दल बोलत होते का खुंटाबद्दल, मी विचारलं नाही.

दहाव्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला पिंड ठेवला. कावळा शिवेना. ऊन चढलं. भावजींनी हात जोडून सांगितलं, सासरी गेलेल्या तुमच्या लेकींचं माहेर तुटू देणार नाही. तुमच्या पेडगावच्या भावानं सांगितलं, दाजींना अंतर देणार नाही. मीरानं सांगितलं, मी शिकेन, मोठीआई. कावळा नाहीच. मालक माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "तुला ठावं आसंल. वयनीचं काय ऱ्हायलंय?"

मी सगळ्यांच्या देखत पुढं गेले. बायकांनी पुढं जायचं नसतं, तरी गेले. "बाई," मी म्हणाले, "बांधाला हात लावू देणार न्हाई मी."

सगळे आभाळाकडं बघत राहिले. मीही. मला खात्री होती, बाई. तुम्ही आता तरी याल. आला नाहीत. एक कावळा नाही. कुठून येणार? त्या भागातले कावळे बसायचे ते आपल्या बांधावरच्या झाडांवर. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. भटजी म्हणाले, आजकाल असंच होतं, मनाला लावून घेऊ नका. मी ओढ्यात तशीच बसून राहिले. वर्षानुवर्षं तुम्ही माझ्या शब्दाला शब्द देत आलात आणि त्या दिवशी मला एका पक्ष्याएवढं उत्तर दिलं नाहीत. इतकं एकटं मला कोपीतसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

एवढं झालं की भाऊ जरा बिचकले. कावळा शिवला नाही याची भीती दोघांच्या मनात बसली. जेसीबी पेरणीच्या तोंडापर्यंत पुढं गेला. मी रोज जाऊ लागले. रोज एकेक खुंट चाचपायचा. वाळवी झाडायची. हंडाभर पाणी नेऊन ओतायचं, उन्हाळ्यात माणसांना पाणी नाही आणि ही खुंटांना पाजतेय म्हणून बायका हसल्या. हसू देत. ओढ्याकडचे सगळे मेले. रस्त्याकडच्यांची साल काळी पडून सुटली. नख लावून बघितलं की आत कोरडं. तुम्ही गेल्याचं मला घरात कधी पूर्ण खरं वाटलं नाही, ते तिथं एकेका खुंटाला नख लावताना खरं होत गेलं.

मग आढ्याच्या लिंबाच्या बुडाशी, मातीच्या आतून, तांबूस काहीतरी. आधी वाटलं मुंगळा. वाकून बघितलं तर धुमारा. मी बाकीची माती बोटांनी उकरून बघितली, दुसरा कुठं आहे का. नव्हता. सगळ्या बांधावर एकच.

बोरीच्या काट्या आणून भोवती रचल्या. हात रक्ताळले. शेळ्या मोकळ्या सुटायच्या वेळेला रोज तिथं जाऊन बसले.

काल जेसीबी आला. मी काट्यांच्या आत बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." मालक आले, खाली मान घालून म्हणाले, "ऊठ. लोक बगायलेत."

"बगू द्या."

मग भावजी आले. किती वाळलेत ते, बाई. काट्यांपाशी आले, माझ्याकडं न बघता वाकून आत बघायला लागले. "हे काय हाय?" म्हणाले.

मी वरची काटी बाजूला सारली. मग म्हणाले, "आढं हाय, भावजी. बाईनं ठिवलेलं."

ते तिथंच उकिडवे बसले. मशीन चालूच होतं, धूर येत होता. त्यांनी मागं न बघता हात वर केला आणि ड्रायव्हरला लांबून जायची खूण केली. तेवढं एक सोडून सगळा बांध गेला. खुंट उपटताना मुळं तुटल्याचा आवाज येत होता. मी कानावर हात ठेवले नाहीत. तुमच्या वाटचं मीच ऐकलं.

आता सांगते, तुम्हाला काय सांगायचं राहिलं ते. यंदा कारखान्यावर असतानाच मी ठरवलं होतं की आता टोळीबरोबर जायचं नाही. तुमचं ऐकायचं. एक ठेवायचा, घर बांधायचं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आपण बांधावर भेटलो तेव्हा ते ओठावर होतं. पण तुम्ही आल्या आल्या धुमाऱ्याला हात घातलात आणि म्हणालात, "एक." माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "तीन." तुम्ही कंबर सरळ करून म्हणालात, "ऱ्हाऊ दे, उद्या बगू." तुम्हाला दमही लागला होता. मी म्हटलं, उद्या सांगू. भांडण अजून थोडं चालावं असं वाटलं मला, त्यात काय होतं. सकाळी तुमच्या घरातून रडणं ऐकू आलं.

एकच आलाय, बाई. तीन ठेवायला दोन मी कुठून आणू? तुमचंच झालं शेवटी.

आजही जाऊन बसले होते. सगळं रान एकसारखं झालंय, मधे काट्यांचं ते एवढंसं कोंडाळं. नेहमीच्या सवयीनं तुमच्या बाजूला तोंड करून बसायला गेले, आणि तुमची बाजू कुठली होती तेच मला सापडेना.